कापसाची कांचनगंगा

दिल्लीतल्या शाळांत कला बहरली आहे. सीबीएसईने 2019 मध्ये सगळ्या विषयांत कला मिसळायचं ठरवलं, पुढे ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ योजनेत दिल्लीच्या वाट्याला जोडीदार राज्य म्हणून सिक्कीम आलं आणि कलेचे प्रकल्प त्याच्यावर होऊ लागले. तेव्हापासून द्वारकेतल्या स्टेशनरीवाल्याला सिक्कीमचा भूगोल तोंडपाठ आहे. ‘कौनसी क्लास?’ एवढंच विचारतो आणि थर्माकोल, कापूस, प्रार्थना-पताकांचं पुडकं पुढे सरकवतो.

रात्री अकरा वाजता आई कांचनगंगेवर बर्फ चिकटवते, बाबा प्रिंटर दामटतात आणि ज्याचं शिक्षण समृद्ध व्हायचं तो गाढ झोपलेला असतो. सकाळी बाईंसाठी फोटो, फोटोखाली गुण. गणितातही सिक्कीम! मठाच्या छपरात त्रिकोण शोधले की झाली भूमिती.

गंमत म्हणजे एनसीईआरटीच्या कागदांतच लिहिलंय: वस्तू महत्त्वाची नाही, ती घडण्याची प्रक्रिया महत्त्वाची. पण प्रक्रियेचा फोटो नीट येत नाही ना!

याच शहरात, मंडी हाउसजवळ, राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची ‘संस्कार रंग टोली’ 1989 पासून मुलांसोबत आणि मुलांसाठी नाटक करते आहे. तिथे मूल स्वतः उभं राहतं, अडखळतं, पुन्हा बोलतं. शाळेत मात्र नाटकाचा तास अर्धवट राहिलेला पोर्शन पुरा करायला जातो.

तेव्हा मुख्याध्यापकांना एक विनंती: बाक भिंतीला सरकवा आणि पुढचा प्रकल्प वर्गातच, आईशिवाय होऊ द्या.