डाव्या सीटवरचे सर

मोटार ट्रेनिंग स्कूलची गाडी डाव्या सीटवरून चालते. उजवीकडे बसलेल्याच्या हातात स्टेअरिंग असतं एवढंच. ब्रेक, क्लच, हॉर्न कधी वाजवायचा हा निर्णय आणि रेडिओवरचं स्टेशन, सगळं डावीकडे बसलेल्या सरांच्या ताब्यात. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे शिकाऊ चालकाशेजारी लायसन्स असलेला शिक्षक हवा, आणि तोही गाडी थांबवता येईल अशा जागी बसलेला. सर हा एक नियम मनापासून पाळतात. सीटबेल्टचं म्हणाल तर पुढच्या चौकात मामा दिसले की तो अंगावर येतो.

सकाळी साडेसहाला पुण्यातल्या एखाद्या सोसायटीच्या फाटकाशी टपावर पाटी मिरवणारी अल्टो येऊन थांबते. पुढेमागे लाल 'एल'. आत सर, एका हातात चहाचा कागदी कप. मागच्या सीटवर पुढच्या नंबरची मॅडम बसलेली असते. दुसऱ्याचं बघूनही शिकता येतं, असं सर सांगतात. मॅडम डोळे मिटून शिकत असतात.

सध्याचे विद्यार्थी आहेत काका, बँकेतून निवृत्त झालेले. काकांनी कच्च्या लायसन्सच्या ऑनलाइन परीक्षेसाठी प्रश्नसंच असा घोटला होता की आधार कार्ड लावून घरबसल्या दिलेल्या त्या परीक्षेत एकही उत्तर चुकलं नाही. पास व्हायला 60 टक्के पुरतात, हे कळल्यावर त्यांना थोडं वाईटच वाटलं. चाळिशी उलटल्यावर लागणारं डॉक्टरांचं प्रमाणपत्रही त्यांनी लॅमिनेट करून आणलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी अरुंद पुलाच्या चिन्हावर चर्चा सुरू केली. सर म्हणाले, "छान. आता क्लच कुठला ते सांगा."

सरांची अध्यापनपद्धती थोडक्यात अशी : "हाफ क्लच... हळूहळू सोडा... सोडा... अहो काका, सोडा म्हणजे सोडून नका देऊ!" गाडी आचका देऊन बंद पडते. मागून पीएमपीची बस हॉर्न वाजवते. काका घामाघूम. सर खिडकीतून हात बाहेर काढून बसला शांतपणे 'जा पुढनं' अशी खूण करतात. दुसरा ब्रेक पायाखाली असलेल्या माणसाला जगाची घाई कशी बाधणार?

तासाचा निम्मा वेळ सर फोनवर असतात. कुणाचा इन्शुरन्स संपलाय, कुणाची आरसी ट्रान्स्फर अडकलीय, कुणाला 'सिंगल ओनर' स्विफ्ट बघायचीय. बोलता बोलता सरांचा पाय आपलं काम करतो. आडवी आलेली स्कूटी वाचते आणि काकांना वाटतं, आपण वेळेवर थांबलो. हा गैरसमज सर कधीच दूर करत नाहीत. विद्यार्थ्याचा आत्मविश्वास वाढला पाहिजे ना. कधीकधी 'आज ट्रॅफिकची प्रॅक्टिस' असते. त्या दिवशी सरांचा मुलगा शाळेत पोहोचतो, चक्कीवरून दळण येतं आणि काका घरी सांगतात की आज गर्दीतून चालवली.

कच्चं लायसन्स निघून 30 दिवस झाल्याशिवाय पक्क्याची परीक्षा देता येत नाही. त्या अखेरच्या दिवसांत सर एकदम गंभीर होतात. मोकळ्या मैदानात बांबू रोवून 'एच' आखला जातो. अल्टोच्या मागच्या काचेवर काळ्या चिकटपट्टीची एक खूण आहे. "पट्टीत दुसरा बांबू दिसला की फुल डावीकडे. सरळ झाली की दीड राउंड परत. डोकं लावायचं नाही." काका डोकं न लावता रिव्हर्स घेऊ लागतात. गाडी मागे घेणं ही गोष्ट वेगळी. त्यांना येतं ते या अल्टोला या बांबूंमधून मागे नेणं. आणि परीक्षेला अल्टो हीच असते, त्यामुळे सरांचा निकाल उत्तम लागतो. जो नापास होतो त्याच्या बाबतीत 'साहेबांचा मूड नव्हता'.

काका पास झाले. "म्हटलं नव्हतं? आता तुम्ही कुठंही न्या गाडी, थेट महाबळेश्वर!" सरांनी पाठ थोपटली आणि पेढे घेतले.

काकांनी नवी कोरी गाडी घेतली. पहिल्यांदा बाहेर काढताना शेजारी सरच हवेत, असा आग्रह धरून त्यांनी जादा तासाचे पैसेही दिले. सर ऐटीत डावीकडे बसले. फाटक ओलांडून गाडी उताराला लागली, समोर रिक्षा वळली, आणि सरांचा पाय सवयीनं खाली गेला. खाली नुसतं मॅटिंग होतं.

काकांनीच ब्रेक दाबला, जरा उशिरा, पण दाबला. रिक्षावाल्यानं दोघांच्याही खानदानाची चौकशी केली. सरांनी सीटबेल्ट लावला. मामा कुठंच नव्हते. दाराच्या वरची मूठ घट्ट धरून ते पुढच्या चौकापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "काका, डावीकडे घ्या जरा. मला इथं एक काम आहे."

"किती वेळ? मी थांबतो की."

"नको नको," दार उघडत सर म्हणाले, "मी रिक्षानं जाईन."