राणीछापवाला

राणीछापवाला हा दिवाळीच्या आगेमागे सराफकट्ट्यावर हमखास आढळणारा, बहुधा नुकताच निवृत्त झालेला गृहस्थ. शर्टाच्या वरच्या खिशावर सतत ठेवलेला उजवा हात ही त्याची खूण. खिशात गुलाबी कागदाची पुडी आणि पुडीत आजोबांच्या वेळचे आठ-दहा चांदीचे रुपये असतात. वर व्हिक्टोरिया असो, एडवर्ड असो वा जॉर्ज, त्याच्या लेखी सगळे राणीछापच. असला एक रुपया लाखांत गेल्याचे त्याने मोबाइलवर पाहिलेले असते आणि तेव्हापासून ‘ग्रेडिंग’ करून घ्यायचे मनावर घेतलेले असते.

ग्रेडिंग म्हणजे नाणे अस्सल आहे का आणि कितपत झिजले आहे हे त्रयस्थ जाणकाराने ठरवायचे, १ ते ७० पैकी गुण द्यायचे आणि नाणे प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करायचे. ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी बसवली. ६० आणि त्यापुढचे गुण चलनात न फिरलेल्या नाण्यालाच मिळतात. ३५ म्हणजे आपला रुपया काठावर पास झाला, अशी राणीछापवाल्याची समजूत; वास्तविक ३५ गुणांचे नाणे चांगले देखणे असते. मात्र तपासणीचे शुल्क आणि ने-आणीचा खर्च सामान्य नाण्यालाही चुकत नाही. एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम वजन आणि त्यात ९१.७ टक्के चांदी, एवढीच ज्या रुपयाची लायकी, त्याला डबीत घालणे म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

निवड करताना राणीछापवाला आधी साल बघतो. जितके जुने तितके मोलाचे, हा त्याचा सिद्धान्त. त्यामुळे पहिला मान १८६२ च्या रुपयाला मिळतो. हे साल पुढची दहा-बारा वर्षे जसेच्या तसे छापले जात होते आणि खरा फरक मागच्या बाजूच्या बारीक टिंबांत असतो, हे सराफाने भिंगाखाली दाखवले तरी तो टिंबांना मळ समजतो. दुसरा नंबर १९१८ चा, कारण महायुद्ध. त्या युद्धात चांदी इतकी कमी पडली की अमेरिकेने कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळवून ती हिंदुस्थानच्या रुपयांसाठी ब्रिटिशांना विकली. साहजिकच त्या सालचे रुपये उदंड आहेत.

१९११ चा पाचवा जॉर्ज मात्र खरोखर थांबून पाहण्याजोगा. राजाच्या अंगरख्यावरच्या साखळीत एक हत्ती आहे. पहिल्या ठशात त्याची सोंड इतकी आखूड उतरली की लोकांना तो डुक्कर वाटला. बभ्रा झाला, नाणी मागे घेऊन वितळवली गेली आणि १९१२ पासून हत्तीला नीट सोंड मिळाली. राणीछापवाल्याला ही गोष्ट तोंडपाठ असते, फक्त त्याच्या पुडीतले नाणे १९१२ चे निघते.

पुडीत सर्वांत दुर्लक्षित असतो १९३९ चा रुपया, असलाच तर. ‘हा काय, परवाचा!’ म्हणून तो बाजूला सारलेला असतो. जुन्या कसाच्या चांदीचा हा शेवटचा रुपया. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. तो दुर्मीळ आहे, म्हणूनच त्याची नक्कलही भरपूर होते. ग्रेडिंगला पाठवावा असा हाच, कारण इथे गुणांपेक्षा अस्सलपणाचा दाखला महत्त्वाचा ठरतो. राणीछापवाल्याची परीक्षा म्हणजे नाणे अंगठ्याने उडवून कानाशी वाजवणे. खणखणले की अस्सल.

यानंतर घासण्याचा प्रश्न येतो. घरातला प्रत्येक रुपया वर्षानुवर्षे लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी चिंच, रांगोळी किंवा दंतमंजनाने लख्ख झालेला असतो. भिंगाखाली राणीच्या गालावर आडवे-उभे ओरखडे दिसतात आणि तपासणारे गुण न देता ‘घासलेले’ असा शेरा मारतात. आजीच्या माळेतून काढलेल्या रुपयाला वर कडीच्या डागाची खूण असते, त्याचीही तीच गत. काळपट, निळसर झाक आलेले, कपाटामागे पडून राहिलेले नाणे खरे लायकीचे. नेमके तेच ग्रेडिंगला द्यायचे म्हणून तो आदल्या रात्री घासून ठेवतो. ‘अहो, पाहुण्यांकडे पाठवायचं तर जरा स्वच्छ नको?’

निवड झाल्यावर कायदा आडवा येतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचे नाणे परवानगीविना देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या मुलाच्या बॅगेत १९१८ चा रुपया टाकून द्यायचा बेत त्यामुळे बारगळतो. डॉलर वितळवून आलेली चांदी माहेरी जाऊ शकत नाही, याचा राणीछापवाल्याला प्रामाणिक राग येतो.

अखेर एखादे नाणे रीतसर डबीत बंद होऊन घरी येतेच. मग लक्ष्मीपूजनाला त्याला पंचामृताने न्हाऊ कसे घालायचे, हा पेच पडतो. डबी फोडली तर ग्रेड रद्द, आणि न फोडावी तर घरच्यांच्या मते प्लॅस्टिकची पूजा. बहुतेक घरांत डबी फोडली जाते.