आमचा तुकाराम कोणता?

अंबड तालुक्यातलं अंतरवाली सराटी 2023 साली मराठा आरक्षणाच्या आंदोलनानं घराघरात पोचलं, कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती आली, आणि आमच्या भावकीत पणजोबांचा भाव एकदम वधारला. तोवर आम्ही जाधव म्हणजे थेट सिंदखेडच्या लखुजीरावांचे वंशज. पुरावा? आडनाव. सोयरिकीच्या बैठकीत सुपारी कातरता कातरता हा तलवारवाला पूर्वज मी हळूच पुढे सरकवत असे. आता नांगरवाला हवा होता, तोही लेखी. लखुजीराव रातोरात अडगळीत गेले.

शोध होता तुकाराम वल्द विठोबा यांचा. जुन्या नोंदीत आडनावाचा पत्ता नाही, आणि पंढरीची वारी करणाऱ्या गावाला पोरासाठी तिसरं नाव सुचत नव्हतं. त्यात नातवाला आजोबाचं नाव. विठोबाचा तुकाराम, तुकारामाचा विठोबा, विठोबाचा पुन्हा तुकाराम. वंशावळ वरून वाचा की खालून, फरक शून्य.

गावाचं मात्र आडनावावाचून कधी अडलं नाही. थोटा तुका, विहिरीवरचा तुका, गुळ्या तुका. एक जण ऐन बाजारात बैल हरवून आला, तो मरेपर्यंत बैलहरव्या तुका. त्याच्या पोरानं पुढे चार बैल बाळगले, तरी तो बैलहरव्याचाच. उधारी याच नावावर, भांडण याच नावानं, लग्नाचा आहेरही याच नावाचा. गावानं इतक्या कष्टानं नावं ठेवली आणि दप्तर लिहिणाऱ्यानं त्यातलं एकही टिपलं नाही! नुसते तुकाराम, ओळीनं.

चुलत्यांनी एका उताऱ्यावर 1340 साल पाहिलं आणि आपण देवगिरीच्या यादवांना भिडलो म्हणून पेढे मागवले. साल निजामाच्या काळचं, फसली होतं. उर्दू वाचणाऱ्या मास्तरांनी त्यात 590 मिळवले, तेव्हा पूर्वज 1930 सालात, तुरीच्या रानात उतरले. पेढे तेवढे संपले.

शेवटी तुका ओळखला तो आजीनं. खाटेवरूनच म्हणाली, "पांदीच्या रानाचा का रं? मग तो आपला. दुसऱ्याचं रान वढ्याकडं व्हतं." सर्वे नंबर जुळला. नोंदीत कुणबी निघालं.

मग दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्रावर वंशावळ काढली. विठोबा, तुकाराम, आजोबा, वडील, मी. जिनं खूण सांगितली तिला त्या झाडावर फांदीच नाही. माझं डोकं फिरलं. तिला विचारलं तर म्हणते, "माझं नाव कशाला? मला का दाखला काढायचाय?" हे जास्त लागलं.

तुमच्या घरी अशी म्हातारी असेल, तर तहसीलला जाण्याआधी वही घेऊन तिच्या खाटेशी बसा. सगळी टोपणनावं उतरवून घ्या, शिव्यांसकट. आणि पहिल्या ओळीत तिचं नाव लिहा, माहेरच्या गावासह.