आत्याचा बोर्ड

पौषातला माळवा कसा असतो, हे पहाटे धर्मशाळेच्या नळाखाली हात धरल्याशिवाय कळत नाही. धार जिल्ह्यात राजगढजवळ, इंदूर-अहमदाबाद रस्त्याच्या बाजूला, मोहनखेडा हे जैनांचं मोठं तीर्थ आहे. आचार्य राजेंद्रसूरी 1906 साली राजगढला निवर्तले आणि त्यांचा अंत्यसंस्कार मोहनखेड्याला झाला. तेव्हापासून पौष शुद्ध सप्तमीला, म्हणजे गुरुसप्तमीला, तिथं माणसांचा पूर लोटतो. गुजरातेतून, राजस्थानातून, मुंबईहून गाड्याच्या गाड्या येतात. तिथी नेमकी ऐन थंडीतली. त्यामुळे खोलीची किल्ली हातात पडली की भाविक देऊळ कुठल्या अंगाला आहे हे नंतर विचारतो. आधी प्लग कुठं आहे ते बघतो.

आम्ही धारचे मराठी. पवार सरदारांच्या मागोमाग पूर्वज आले आणि माळव्याचं पाणी गोड लागलं म्हणून राहिले. घरात मराठी, बाजारात हिंदी, आणि शेजारी जैन. शेजारचे शेठजी गुरुसप्तमीला निघाले की गाडीतली एक जागा आमच्या घरासाठी असायचीच. तिच्यावर हक्क आत्याचा. आत्या जैन नाही, पण थंडीत देवदर्शनाला जाण्यात जे पुण्य आहे ते कुठल्याही धर्माचं चालतं, असं तिचं मत. ती गाडीत बसे तेव्हा तिच्या मांडीवर पिशवी असे, आणि पिशवीत बोर्ड.

हा बोर्ड दुकानातला नव्हे. आळीतल्या वायरमननं लाकडी पेटीवर सनमायका ठोकून, तीन सॉकेटं आणि एक तांबडा दिवा बसवून करून दिलेला. वायर एवढी लांब की मोहनखेड्याच्या खोलीत प्लग लावून आत्या व्हरांड्यात बसून वाती वळू शकेल. थ्री-पिनच्या भोकात टू-पिन घालायची तर वरच्या भोकात रिफिल खुपसायची, हे तिला पाठ होतं. पिनच नसेल तर उघड्या तारा काडेपेटीच्या काड्यांनी दाबून बसवायच्या, हेही. वीज मंडळानं आत्याकडून परवाना घ्यायला हवा होता असं मला नेहमी वाटे.

बोर्डाच्या जोडीला पाणी तापवायचा रॉड. आणि धर्मशाळा म्हटली की भिंतीवर पाटी आलीच: हीटर, प्रेस, गॅस चालवायला मनाई. ही पाटी तीर्थोतीर्थी असते. नुसता देव बदलतो. पाटी वाचून आत्या एकच वाक्य म्हणायची, ‘‘बिल पडतं ना त्यांना!’’ हा तिचा सिद्धांत. जगात जिथं जिथं ‘नको’ लिहिलंय तिथं तिथं कुणीतरी चार पैसे वाचवतोय. आणि हा सिद्धांत एकट्या आत्याचा नाही. आपण मराठी माणसं नियम वाचतो तेच मुळी त्यात कुणाचा चिकटपणा लपलाय हे शोधण्यासाठी. नियमामागं भीती असू शकेल, काळजी असू शकेल, हे शेवटी सुचतं. तेही फ्यूज उडाल्यावर.

फ्यूजचा हिशोब सोपा आहे. दीड हजार वॉटचा रॉड 230 व्होल्टवर साडेसहा ॲम्पियर ओढतो. खोलीतलं छोटं सॉकेट असतं सहा ॲम्पियरचं, आणि त्यामागची वायर पंखा, ट्यूबलाइट आणि फार तर रेडिओ एवढ्या संसारासाठी ओढलेली. एका खोलीत रॉड चालला तर वायर नुसती कोमट होते. पण गुरुसप्तमीला पहाटे सगळ्यांना एकाच वेळी आंघोळ करायची असते. पाटीखाली दहा खोल्यांत दहा रॉड गुपचूप बादलीत उतरले की सगळी इमारत अंधारात, आणि दहाही बादल्या थंड. मग व्हरांड्यात जी माणसं टॉर्च घेऊन ‘लाइट कशी गेली बुवा’ म्हणत जमतात, त्यांतल्या एकाच्याही चेहऱ्यावर अपराधाची छटा नसते.

या सगळ्या धांदलीच्या कडेनं जैन साधू-साध्वी अनवाणी चालत जातात. त्यांच्याकडे ना बोर्ड, ना रॉड, ना चार्जर. अग्नीतही जीव असतो, तेजस्काय जीव, अशी जैनांची धारणा. म्हणून साधू दिवा लावत नाहीत, चूल पेटवत नाहीत, आणि विजेलाही परंपरेनं त्याच खात्यात धरलं आहे. राजेंद्रसूरींनी ‘अभिधान राजेंद्र कोश’ रचला तो असाच, सूर्य देईल तेवढ्या उजेडात. प्राकृत शब्दांचा हा कोश सात खंडांचा आहे. त्यावर ते 1890 पासून तेराएक वर्षं बसले होते, आणि छापून झाला तो त्यांच्यामागे, रतलामहून. तेव्हा गावोगावी वीज नव्हती हे खरं, पण असती तरी त्यांच्या कामाला तिचा उपयोग नव्हता. आज आपल्याला चार ओळींचा निरोप लिहायचा तर आधी बॅटरी किती टक्के आहे ते बघावं लागतं. मी हे आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘त्यांना नातवंडांचे व्हिडिओ बघायचे नव्हते.’’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

धर्मशाळेची जी गत, तीच रेल्वेची. नोव्हेंबर 2025 मध्ये एका मराठी बाईंचा व्हिडिओ गाजला. धावत्या गाडीत, एसी डब्यात, मोबाइलच्या प्लगवर विजेची किटली लावून त्या मॅगी शिजवत होत्या आणि ते मोठ्या कौतुकानं सांगत होत्या. मध्य रेल्वेनं डोळे वटारले: किटली लावणं बेकायदा आहे, आगीचा धोका आहे. सगळा देश त्या बाईंवर तुटून पडला. मला मात्र त्यांच्या चिकाटीचं नवल वाटलं. डब्यातल्या त्या प्लगला 110 व्होल्ट असतात. घरी दीड हजार वॉट ओढणारी किटली तिथं साडेतीनशे वॉटसुद्धा देत नाही. तेवढ्या धगीवर पाण्याला उकळी आणायची म्हणजे दोन मिनिटांच्या मॅगीला दोन स्टेशनं लागणार. कायदा मोडायचा तर एवढा सोशिकपणा हवा. पण त्या प्लगमागची वायर मोबाइलपुरती असते, आणि धावत्या डब्यात लागलेली आग वाऱ्यावर चालते. रात्री अकरा ते पहाटे पाच चार्जिंगचे प्लग बंद ठेवायचं रेल्वेनं 2021 साली ठरवलं तेही आगीच्याच धास्तीनं. आत्याचा निष्कर्ष: ‘‘रात्रीचं बिल वाचवतात.’’

मग ती बोटीवर गेली.

शेठजींच्या नातेवाइकांनी मुंबईहून समुद्रसफर ठरवली होती. सप्टेंबर 2021 पासून मुंबईहून कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’ गोव्याला, लक्षद्वीपला जाऊ लागली आणि माळव्यातल्या घरांतही क्रूझ हा शब्द चहाबरोबर येऊ लागला. बोटीवर जैन जेवण मिळतं हे कळल्यावर तर उरलीसुरली शंका मिटली. कांदा, लसूण, बटाटा नसलेलं ताट अरबी समुद्राच्या मधोमध मिळणार असेल तर आणखी काय पाहिजे. पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून कोकणी माणूस बोटीत चढायचा तो वळकटी आणि फणस घेऊन. आता ट्रंका स्कॅनरमधून जातात. आत्याची पिशवीही गेली, आणि पडद्यावर बोर्डाचा सांगाडा उमटला.

तिथला पोरगा कोकणातला निघाला. ‘‘आजी, हे वर नाही नेता येत. पावती देतो, उतरताना घ्या.’’

आत्यानं तिचा सिद्धांत मांडला. ‘‘बिल आम्ही भरलंय की तिकिटात.’’

‘‘बिलाचं नाही ओ आजी. आगीचं आहे.’’

बोर्ड पावतीच्या बदल्यात गेला. आत्या रुसून वर गेली आणि तिथून तिनं भाच्याला फोन लावला. हा भाचा मर्चंट नेव्हीत ईटीओ, म्हणजे विजेचं काम बघणारा अधिकारी आहे. आत्याच्या हिशोबी बोटीवरचा वायरमन. त्यानं तिला जे सांगितलं ते नंतर मला सांगितलं, आणि मला तरी यातलं काही आधी ठाऊक नव्हतं.

आपल्या घरामागे खड्डा खणून त्यात तांब्याची पट्टी, कोळसा आणि मीठ पुरतात आणि उन्हाळ्यात त्यावर बादलीभर पाणी ओततात. जमिनीवरची वीज अशी बहुतेक सगळीकडे जमिनीला बांधलेली असते. ट्रान्सफॉर्मरपाशी न्यूट्रल जमिनीत जाते, म्हणून घरात फेज झटका देते आणि न्यूट्रल गरीब असते. बोटीवर हा खड्डा खणायचा कुठं? तिथं जमीन म्हणजे बोटीचा लोखंडी सांगाडा. आणि गंमत अशी की बहुतेक बोटींवर दोन्ही तारा त्या सांगाड्यापासून मुद्दाम सुट्या ठेवतात. एखादी तार कुठं सांगाड्याला टेकली तर घरी जसा फ्यूज उडेल तसा तिथं उडत नाही. धोक्याची सूचना वाजते, वीज चालू राहते, आणि वायरमन दोष शोधायला निघतो. भर वादळात सुकाणूची मोटर बंद पडण्यापेक्षा हे केव्हाही बरं. पण याचा अर्थ असा की बोटीवर गरीब तार नाही. दोन्ही जिवंत.

आता आपण स्पाइक बस्टर घेतो तो कशासाठी? टीव्ही, संगणक जळू नये म्हणून. त्याच्या पोटात एक चकती असते. व्होल्टेज हद्दीबाहेर गेलं की ती जास्तीची वीज अर्थिंगकडे ढकलून देते. घरी हे पुण्यकर्म. बोटीवर एक तार सांगाड्याला टेकली की दुसरीचं सांगाड्याशी असलेलं व्होल्टेज चढतं. चकतीला वाटतं लाट आली, आणि ती एकटीच ती लाट अडवत बसते, तापते, प्लास्टिक वितळवते. त्यातून स्पाइक बस्टरच्या पट्टीचं बटण बहुधा एकच तार तोडतं. तुम्ही बटण बंद करून निश्चिंत झोपलात, तरी दुसरी तार जागीच. अमेरिकेच्या तटरक्षक दलानं 2013 साली याबद्दल इशाराच काढला होता. मालवाहू बोटीवर खलाशांच्या खोल्यांत आगी लागता लागता राहिल्या होत्या आणि मुळाशी ह्या पट्ट्या निघाल्या. संरक्षण म्हणून जादा पैसे देऊन घेतलेली वस्तूच घात करते, हे पचायला कठीण आहे. आत्याला तर फारच.

‘‘पण माझ्या बोर्डात कुठं चकती आहे?’’ तिनं विचारलं. प्रश्न बिनतोड होता. तिचा बोर्ड एवढा साधा की त्यात दिवाच काय तो ऐषाराम. पण हजारभर प्रवाशांचे हजार बोर्ड उघडून कुणाच्या पोटात काय आहे हे धक्क्यावर बघत बसणार कोण? शिवाय साध्या बोर्डाचेही गुण आपल्याला माहीत आहेत: ढिली पिन, गादीखालून नेलेली वायर, एका सॉकेटला लटकलेलं आख्खं घराणं. म्हणून नियम दिवसेंदिवस सरसकट होत चाललाय. रॉयल कॅरिबियननं सप्टेंबर 2024 मध्ये सगळे एक्स्टेन्शन आणि मल्टिप्लग बंद केले. इस्त्री, किटली, मेणबत्ती यांना तर बहुतेक कंपन्यांनी कधीच रामराम ठोकलाय.

जमिनीवर आग लागली तर माणूस बाहेर पळतो आणि बंब येतो. बोटीवर बाहेर म्हणजे समुद्र, आणि बंब म्हणजे तिथलेच खलाशी. मार्च 2006 मध्ये जमैकाजवळ ‘स्टार प्रिन्सेस’ नावाच्या बोटीला आग लागली. फेकलेल्या सिगारेटच्या थोटकाची शक्यता सर्वांत मोठी मानली गेली. बाल्कन्यांमधून ती मजल्यामागून मजले चढली, शेकडो खोल्यांना झळ पोचली आणि एक प्रवासी गेला. एवढं ऐकल्यावर बिलाचा विषय कुणी काढू नये. आत्यानं काढला नाही, पण ‘‘धर्मशाळेत मात्र बिलच होतं,’’ असं पुटपुटली.

बोटीच्या खोलीत शिरल्यावर आणखी एक गंमत. अनेक बोटींवर टेबलापाशी दोन तऱ्हेची सॉकेटं शेजारी शेजारी असतात: एक अमेरिकी, 110 व्होल्टचं, एक युरोपी, 220 व्होल्टचं. देवासला थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन राज्यं एकाच गावात नांदत होती, दोन राजे, दोन कारभार. तसा हा प्रकार. आपली जाड गोल थ्री-पिन दोन्हीकडे परकी. ही पिन आपल्याला इंग्रजांनी दिली, आणि 1947 सालीच त्यांनी स्वतःसाठी चपट्या चौकोनी पिनांचं नवं प्रमाण काढलं. जाताना जुनी पिन आपल्याला ठेवून गेले म्हणायचं. आपल्या मोबाइलची टू-पिन मात्र युरोपी सॉकेटात सहसा गुमान बसते. रिफिल लागत नाही.

तेव्हा तुम्ही बोटीवर निघाला असाल तर तिकिटाबरोबर आलेली मनाईची यादी चढण्याआधी, घरी, चष्मा लावून वाचा. बोर्ड, स्पाइक बस्टर, किटली, इस्त्री, रॉड यांना माळ्यावर ठेवा. नुसती यूएसबीची चार तोंडं असलेला, स्पाइक बस्टर नसलेला साधा चार्जर घ्या; बऱ्याच कंपन्यांना तो चालतो, तरी आपल्या बोटीचं एकदा विचारून घ्या. गरम पाणी लागलं तर खोली सांभाळणाऱ्याला सांगा, तो आणून देतो. आणि घरात कुणाला झोपेत श्वासाचं यंत्र लावावं लागत असेल, तर निघण्याच्या बरंच आधी कंपनीला कळवा. त्यासाठी लागणारी वायर बहुधा बोटच पुरवते, आणि तिचं बिल सहसा लावत नाही.