पावणेतीन तोळ्यांची गोळी

चहा येण्याआधी शिकारी काका पाहुण्याला हटकून विचारतात, "समजा, समोर गवा उभा आहे. रायफलीत कुठलं काडतूस भराल?" पाहुणा बँकेत कॅशियर, गवा त्याने फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. तो चाचरत म्हणतो, "मोठ्यात मोठं असेल ते." काकांना नेमकं हेच हवं असतं.

"मोठं? अहो, त्या करामोजो बेलने आफ्रिकेत सात मिलिमीटरच्या रायफलीने शेकड्यांनी हत्ती लोळवले! गोळी टणक, वरून सगळं धातूचं आवरण, आणि नेम थेट मेंदूवर. ती फुलत नाही, हाड फोडून आत जाते. हीच वाघाला घातलीत तर आरपार निघून जाईल आणि जखमी वाघ चौकशीला तुमच्याकडे येईल. वाघाला मऊ टोकाची. आत गेली की फुलते." 'फुलते' म्हणताना काका पाची बोटं जुळवून कळीसारखी उमलवतात.

मग १९१२ सालची हॉलंड अँड हॉलंडची .३७५ निघते. तीनशे ग्रेनची गोळी, सांबरापासून हत्तीपर्यंत कुठेही चालणारी. ती संपली की .४७०ची जोडनळी. तिची गोळी पाचशे ग्रेन.

"म्हणजे किती हो?"

"एकशे ऐंशी ग्रेनचा तोळा. म्हणजे पावणेतीन तोळे!"

आतून काकूंचा आवाज येतो, "एवढं तर लग्नात सोनं नाही घातलं मला."

गंमत म्हणजे काकांची माहिती चोख असते. जुन्या शिकारकथा, बंदुकांचे कॅटलॉग, वडिलांच्या दोस्तांच्या गप्पा, सगळं मुखोद्गत. फक्त वन्यजीव संरक्षण कायदा आला १९७२ साली, तेव्हा काका नववीत होते. घरात वडिलोपार्जित बारा बोअरची दुनळी आहे, तीही निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा होते.

एकदा शेजाऱ्याने भुईमुगात घुसणाऱ्या रानडुकरांसाठी वनखात्याची रीतसर परवानगी काढली आणि काकांना बांधावर नेऊन बसवलं. एलजीचे मोठे छर्रे बरे, एसजीचे बारीक बरे, की सरळ एकच गोळी घालावी, यावर काका रात्री दहाला बोलू लागले. उजाडेपर्यंत अर्धा एकर भुईमूग डुकरांनी उकरून खाल्ला होता. काडतुसं पिशवीतच होती. पुढच्या आठवड्यात शेजाऱ्याने तारेचं कुंपण घातलं.