चुरी माल

मागच्या पंधरवड्यात वरूडमधल्या एका लॉनवर दोन वर्षांच्या पोराची संत्रातुला झाली. पुढाऱ्यांच्या पेढेतुला, वहीतुला, रक्ततुला पाहून आपले डोळे सरावलेले आहेत, आणि तिथे तराजूत बसणारा निदान हौसेने बसतो. इथले उत्सवमूर्ती गाढ झोपेतून उचलून आणले होते. अंगात जरीची शेरवानी, डोक्यावर फेटा, पायात मोजडी, दोन्ही हातांत चांदीची कडी. तराजूला झेंडूच्या माळा आणि शेजारी आजोबांनी रचून ठेवलेले अंबिया बहाराचे निवडक पाच कॅरेट. पोराला एका पारड्यात बसवलं, दुसऱ्यात संत्री पडू लागली, माइकवाल्याने तुतारीचा आवाज लावला, आणि पहिलं कॅरेट अर्ध्यावर यायच्या आतच उत्सवमूर्ती वर गेले. मग तीच संत्री इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून आकडा जाहीर झाला : १० किलो ४०० ग्रॅम.

टाळ्या वाजल्या नाहीत. साडेचार कॅरेट तसेच उभे. शेवटी बागा घेण्यात हयात गेलेले एक काका पुढच्या खुर्चीवरून बोलले, "चुरी माल हाय भाऊ."

ज्याला दिल्लीचा ट्रक मिळत नाही आणि जे भाव पडले की रस्त्याच्या कडेला ओतलं जातं, त्या मालाच्या रांगेत पोरगं एका वाक्यात जाऊन बसलं. काकांनी व्यापारी सवयीने शेरवानीची कटतीही धरली. "कपडे-बिपडे काढून धरा पावणेदहा." शेतकऱ्याच्या प्रत्येक मापात काही ना काही कापल्याशिवाय ज्यांचा हात कॅल्क्युलेटरवरून उठत नाही, त्यांनी नातवालाही सोडलं नाही, हे मला त्यातल्या त्यात प्रामाणिकपणाचं वाटलं.

आपल्या तालुक्याची नजर पक्की आहे याबद्दल वाद नाही. धुऱ्यावर उभं राहून, एक झाड न मोजता, बाग किती हजाराची ते सांगणारी माणसं इथे आहेत. फळगळ किती होईल हेही ते आधीच सांगतात आणि तेवढे पैसे आधीच कापतात. अडचण एवढीच की ही नजर बागेतून बाहेर आली की पोरांवर पडते. दीड ते तीन या वयातलं लेकरू दिसलं की माणूस त्याला दोन्ही बगलांत हात घालून उचलतो, हवेत दोनदा हिंदळतो, नजर आभाळाकडे नेतो आणि निकाल देतो : "हलकं लागते."

हे वाक्य मी लग्नात ऐकलं आहे, तेरवीत ऐकलं आहे, एसटीत ऐकलं आहे आणि बँकेच्या रांगेत अनोळखी बाईने पुढच्या बाईचं पोर मागून घेऊन बोललेलंही ऐकलं आहे. उचलून कोणी "बरोबर आहे" म्हणाल्याचं ऐकिवात नाही. मग प्रश्नपत्रिका सुरू होते, आणि ती नेहमी आईलाच देतात. काय खाऊ घालता वो याले? दूध नाही पेत काय? अंगाले लागत नाही वाटते. जंत असन. नजर लागली असन. आमच्या बबल्याले पाहा, दोन वर्साचा असतानी उचलल्या जात नव्हता! (तो बबल्या आता चाळिशीत आहे आणि जिना चढल्या जात नाही, पण हे सांगायची ती वेळ नसते.) बाप तिथेच दोन हातांच्या अंतरावर उभा असतो. त्याला कोणी विचारत नाही. तो पाच फूट तीन इंच असतो, बायको चार फूट अकरा, आणि दोघांच्या पोटी सहा फुटी पैलवान कसा निघाला नाही याचं उत्तर त्या माउलीने द्यायचं. शेंदूरजना घाटच्या रोपवाटिकेत कलम घ्यायला गेलेला माणूस खुंट जंबेरीचा आहे की रंगपूरचा हे विचारल्याशिवाय पैसे काढत नाही. घरचा खुंट मात्र त्याला दिसत नाही, कारण तो स्वतःच खुंट असतो.

बरं, घाबरण्याचं कारण काय, तर पोरगं वर्षभरात "काहीच वाढलं नाही". हिशेब करू. मूल जन्मतं तेव्हा तीन-सव्वातीन किलोचं असतं. वर्षाचं होईतो ते जवळपास तिप्पट होतं. घरात आनंदीआनंद. दुसऱ्या वर्षी मात्र ते जेमतेम अडीच किलो वाढतं, भूकही कमी होते, आणि हे जगभरातल्या सगळ्या पोरांचं होतं. पण आजोबांना पहिल्या वर्षाचा भाव ठाऊक आहे, त्यांना तोच पुढेही हवा. ठीक आहे, तोच देऊ. वर्षाचा दहा किलोचा मुलगा दुसऱ्या वाढदिवसाला तीस किलोचा होईल. तिसऱ्याला नव्वद. चौथ्या वाढदिवसाला २७० किलो, म्हणजे केकऐवजी कडब्याच्या पेंढ्या. पाचव्याला ८१०, आणि पहिलीत नाव घालायला जाईल तेव्हा २,४३० किलो, म्हणजे शाळेच्या गेटमधून आत घालायचा कसा हा प्रश्न पालकसभेत घ्यावा लागेल. तुला लॉनवर होणार नाही, धरमकाट्यावर होईल. आधी भरलेली गाडी, मग रिकामी. पोरगं ट्रॉलीत उभं, आजोबा पावती घेऊन खिडकीशी, आणि काटेवाला विचारतोय, "माल कोनाचा?" असेच आणखी वाढदिवस झाले की तालुक्यातली सगळी संत्री त्या पारड्यात जातील आणि बांगलादेशने आयात शुल्क वाढवल्यापासून पडून राहणाऱ्या मालाचा प्रश्न एका पोरात सुटेल. योजना वाईट नाही. तिला नाव देण्यावरून भांडणं होतील तेवढीच.

आता त्या १० किलो ४०० ग्रॅमचं काय? २००६ साली जगभरासाठी वाढीचे तक्ते निघाले. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या, आईच्या दुधावर आणि बऱ्या परिस्थितीत वाढलेल्या साडेआठ हजारांच्या आसपास पोरांना मोजून ते केलेले आहेत. भारतातली पोरं दिल्लीची होती, वरूडची नव्हती, एवढी तक्रार आपल्याला करता येईल. त्या तक्त्यात दोन वर्षांच्या मुलाचं मधलं वजन १२.२ किलो आहे. कमी वजन म्हणायचं ते ९.७ च्या खाली. म्हणजे काकांची कटती धरली तरी पोरगं रेषेच्या आतच भरतं. पण लॉनवर कोणीतरी मोबाइलवर १२.२ हा आकडा काढला आणि तो या मांडीवरून त्या मांडीवर असा फिरला की तेवढ्यात पोराला जवळजवळ दोन किलोंचा तोटा जाहीर झाला. मध्याच्या खाली अर्धी पोरं असणारच. आपल्याकडे प्रत्येकाला आपलं पोर वरच्या अर्ध्यात हवं, खालच्या अर्ध्यात शेजाऱ्याचं. आणि एका दिवशीच्या वजनाने कळतं तरी काय? डॉक्टर उंची घेतात, दर महिन्याचे ठिपके जोडतात, रेघ आपल्या वाटेने चालली आहे की मध्येच आडवी झाली ते पाहतात. आडवी झाली, खाली वळली, तर धावपळ करायची. रेघ पाहायला मात्र बसावं लागतं. उचलून हिंदळायला दोन सेकंद पुरतात.

उत्सवमूर्तींचा आहार मी त्यांच्या आत्याकडून जाणून घेतला. सकाळी उठल्याबरोबर बाटलीभर दूध. नऊला दूध-बिस्किट. अकराला, रडले म्हणून, पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट. दुपारी वरणभात घेऊन आई मागे आणि हे पुढे, मधल्या खोलीतून अंगण, अंगणातून गच्ची. मोबाइलवर गाणं लावलं की तोंड उघडतं, जाहिरात आली की मिटतं. चारला दूध. संध्याकाळी आजोबांच्या चहात बुडवलेला टोस्ट. रात्री जेवत नाहीत म्हणून पुन्हा दूध, कारण उपाशी कसं झोपवायचं? दिवसाला लिटरभर दूध पोटात गेल्यावर भाकरीला जागा कुठे राहणार, आणि नुसत्या दुधावर रक्तातलं लोह वाढत नाही, उलट घटतं. पण "काहीच खात नाही" हे आत्याने तरीही तीनदा सांगितलं. मेडिकलवाल्याने भूक वाढवायचं सिरपही दिलं होतं म्हणे, चिठ्ठीशिवाय. त्यातलं औषध मुळात ॲलर्जीचं. त्याने भूक जी लागायची ती लागो, झोप मात्र भरपूर येते. तुलेच्या वेळी साहेब का झोपले होते याचा उलगडा मला तिथे झाला.

आणि डबे. दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या डबाबंद अन्नाची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. डब्यावर गुटगुटीत बाळाचा फोटो छापता येत नाही, फुकट नमुने वाटता येत नाहीत. चांगला कायदा आहे. पण तो दुसऱ्या वाढदिवशी मध्यरात्री संपतो, आणि उंबरठ्याच्या पलीकडे पावडरवाले तुतारी घेऊनच उभे असतात. उंची वाढेल, बुद्धी वाढेल, वजन वाढेल, पोरगं बास्केटबॉल खेळेल. वरूडात बास्केटबॉल कुठे खेळायचा ते त्यांना विचारा. त्या रात्री टेबलावर भेटींमध्ये असे सात डबे जमले : चॉकलेट, व्हॅनिला, केशर-बदाम. मागच्या बाजूला, मुंगीनेही चष्मा लावून वाचावा अशा अक्षरांत, घटकांची यादी असते. जे सर्वांत जास्त ते आधी लिहायचं असा नियम आहे. साखर कितव्या नंबरवर आहे ते ज्याने त्याने आपापल्या डब्यावर पाहावं. शेंगदाण्याचा लाडू, फुटाणे, अंडं, मुगाचं धिरडं, तुपाचा हात लावलेली भाकरी हे त्या टेबलावर नव्हतं, कारण त्याला चकचकीत कागद गुंडाळता येत नाही.

या सोहळ्याला एक जण आलेलीच नव्हती. त्या गल्लीची अंगणवाडी ताई. तिच्याकडे काटा आहे, उंची मोजायची पट्टी आहे, आणि दर महिन्याला वजन भरायचं कामही आहे, आधी रजिस्टरात आणि आता मोबाइलमध्ये, नेटवर्क असेल तेव्हा. त्याआधी ती या घरी आली होती. "आमचं पोट्टं अंगणवाडीत कायले पाठवू?" असं तिला फाटकातूनच सांगितलं होतं. बाळाचं कार्ड कपाटात सातबाराच्या फाइलखाली आहे. लसींच्या पानावर शिक्के आहेत. वजनाच्या आलेखाचं पान कोरं. तो आलेख कोणी एकदा उघडून पाहावा. वर हिरवा पट्टा, त्याखाली पिवळा, आणि सगळ्यात खाली, धोक्याचा, नारिंगी. संत्र्याच्या गावात तरी हा रंग ओळखायला हरकत नव्हती.

आणि आता हसायचं बास झालं. तुलेची ती पाच कॅरेट संत्री कोणी तोडली? तोडणीला मेळघाटातून माणसं येतात. धारणी, चिखलदरा आपल्याच जिल्ह्यात आहेत, हे आपल्याला वर्तमानपत्रात बालमृत्यूची बातमी आली की आठवतं, आणि नव्वदच्या दशकापासून ती दर पावसाळ्यात येते. त्या मजुरांची लेकरं याच बागेत असतात. झाडाला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत एक, धुऱ्यावर मातीत दुसरं. अंगात शेरवानी नसल्यामुळे त्यांची कटती धरावी लागत नाही. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या पोराच्या दंडाला पट्टी लावून घेर ११.५ सेंटीमीटरच्या आत आला तर ते अतितीव्र कुपोषित, त्याला दवाखान्यात न्यायचं, एवढं साधं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाचच्या आतली ३६.१ टक्के पोरं वयाच्या मानाने कमी वजनाची निघाली. दर तिसरं लेकरू! धुऱ्यावर उभं राहून झाडावरची फळं न मोजता सांगणारे काका रोज त्या झोळीपाशी मोटरसायकल लावतात. कधी त्यातलं एक पोर बगलेत हात घालून उचललं? कधी म्हटलं, "हलकं लागते"? तिथे ते खरं ठरलं असतं. खरं ठरलं असतं म्हणूनच उचललं नाही, कारण मग गाडी काढावी लागली असती, तोडणी थांबली असती, मुकादमाशी बोलावं लागलं असतं. आपल्या नातवाचे नसलेले दोन किलो शोधायला मंडप, माइक आणि डीजे. समोर मातीत बसलेल्या पोराचे गेलेले दोन किलो आपल्याला दिसत नाहीत. आपल्यालाच. मीही त्या लॉनवर जेवूनच आलो.

उत्सवमूर्तींची आई परवा भाजीबाजारात भेटली. सासूबाईंनी आता पोराला दर सोमवारी अडतीवरच्या काट्यावर ठेवायचं ठरवलं आहे, रिकाम्या कॅरेटमध्ये बसवून. पहिल्या सोमवारी कॅरेटचं वजन वजा करायचं राहिलं, त्यामुळे घरात मोठं समाधान होतं. ती म्हणाली, मी मुद्दामच काही बोलली नाही. आणि डबे? पोरगं पहिला घोट थुंकलं. दुकानदार परत घेत नाही. टाकवत नाही म्हणून आजोबाच आता रोज रात्री केशर-बदाम पिऊन राहिले. त्यांची शुगर २८० झाली आहे आणि वजन चांगलं भरलं आहे.