दस्ती बसली आहे

एसटी फलाटाला लागायच्या आत खिडक्यांतून दस्त्या आत पडू लागतात. पुण्या-मुंबईकडं त्याला रुमाल म्हणतात आणि त्यानं नाक पुसतात. आपल्या जालना जिल्ह्यात ती दस्ती असते आणि ती बसते. निजामाचं राज्य 17 सप्टेंबर 1948 ला संपलं. दस्तीचं संपलेलं नाही.

परवा अंबडच्या गाडीत मी दारातून चढलो. चूक माझीच. दोघांच्या शिटावर एक दस्ती ऐसपैस बसली होती. निळी, चौकड्याची, कोपऱ्याला पानाचा डाग. मी तिला जरा सरकवणार, तेवढ्यात खालून आवाज आला, "ओ मामा, शीट धरलंय!" धरणाऱ्याचे दोन्ही हात कपबशीत होते. मी उभा राहिलो.

या कायद्याची कलमं कुठं छापलेली नाहीत, पण त्याला मिळतो तेवढा मान ना सिग्नलला, ना आचारसंहितेला. घडीच्या दस्तीला एक जागा, पसरली तर दोन, उपरणं असेल तर मागचं बाकडंही. दस्ती विरुद्ध टोपी असा वाद झाला तर टोपी जिंकते, कारण तिच्याखाली कधीतरी डोकं होतं. अंगारकीला राजूरच्या गाडीत दस्त्या संपतात. मग पाण्याची बाटली, एकच चप्पल, आणि एकदा तर खिडकीतून आत सोडलेलं तिसरीतलं पोरगं. 'आडवा हो' एवढंच त्याला बापानं सांगितलेलं. ते इतकं मन लावून आडवं झालं, की बाप चढला तेव्हा त्यालाही बसायला जागा उरली नव्हती.

पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून तिकीट माफ, बायांना 2023 पासून अर्धं. दस्तीला पहिल्यापासून माफ, वर जागाही. म्हणून फुकट प्रवासाचे आबा दांड्याला लोंबकळतात आणि दस्ती खिडकीशी वारा खाते. 'आमदारांसाठी राखीव' पाटीखाली मी आजवर आमदार पाहिला नाही, दस्ती मात्र रोज पाहतो. ती निदान निवडून येण्यासाठी खिडकीपर्यंत तरी येते.

हसा खुशाल. पण चौकशीच्या खिडकीत एकदा विचारून बघा, पुढची गाडी कधी? "येईन ना." कधी येईल? "आली की लागंन." कुठं लागेल? यावर आतला माणूस तुमच्याकडं असं बघतो, जसं काही तुम्ही त्याचं वय विचारलंय. घनसावंगीची पाटी एका फलाटावर, गाडी तिसऱ्याच. आणि ती दिसली की कडेवर पोर, डोक्यावर बोचकं घेऊन म्हातारीनंही पळायचं. दोन तास ताटकळवायचं, शेवटच्या दोन मिनिटांत पळवायचं, आणि वर भिंतीवर रंगवायचं : 'रांगेचा फायदा सर्वांना'! अरे, रांग लावायची कुठं? मुक्कामी गाडी चुकली तर काळी-पिवळीत चौघांच्या जागी आठ जण कोंबून जावं लागतं, तीही मिळाली तर. असला माणूस दस्ती नाही टाकणार तर काय, निवेदन देणार?

असो. शीट धरणारा गडी चहा पीत खालीच राहिला, गाडी निघाली. कंडक्टर तिकिटं देत आला, दस्तीपाशी थबकला, तिला वळसा घालून मागं गेला. गोलापांगरीला चौघं चढले. रिकाम्या शिटाकडं सरसावले, दस्ती पाहिली आणि मुकाट माझ्याशेजारी उभे राहिले.